शेंगेन व्हिसावर जाऊन नवऱ्याकडे राहण्याचा परवाना तिथूनच काढता येतो का? जर्मनीचा प्रश्न आहे

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर

नमस्कार सगळ्यांना. तिकीट 14 ऑक्टोबरचं आहे आणि अजून माझं मन एका जागी ठरून नाही राहिलं, म्हणून इथे विचारते आहे.

आमचं लग्न फेब्रुवारीत नागपुरात झालं. नवरा म्युनिकजवळच्या एका गावात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडे ब्लू कार्ड आहे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला राहण्याचा परवाना. लग्नानंतर एकोणिसाव्या दिवशी तो परत गेला. तेव्हापासून आमचा संसार व्हिडिओ कॉलवर. त्याच्याकडे दुपार असते तेव्हा माझ्या वह्या तपासायची वेळ असते, असं सगळं. मी इथे एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून बिनपगारी रजा घेतली, शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसासाठी, अर्ज केला आणि 90 दिवसांचा व्हिसा मिळाला. खूप आनंद झाला होता.

आता मात्र घरात रोज एकच विषय. सासूबाई म्हणतात, एवढा खर्च करून जाऊन राहिली तर परत कशाला येतेस, तिथेच अर्ज टाकून दे. नवऱ्याच्या ऑफिसमधला एक जण त्याला तेच सांगतो की बायको एकदा आत आली की तिथल्या फॉरेनर्स ऑफिसात फॉर्म भरायचा, काही हाकलून देत नाहीत. आई म्हणते, मग शाळेचा राजीनामा देऊनच जा. आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाई मला दोनदा विचारून गेल्या, "नववी ब चं गणित मी दुसऱ्याकडे देऊ का? खरं सांग." मी त्यांना खरं काय सांगू? मलाच माहीत नाही.

एक गोष्ट मनाला लागून आहे. व्हिसाच्या अर्जासोबत मी स्वतःच्या सहीचं पत्र दिलंय, त्यात लिहिलंय की मी नवऱ्याला भेटायला जाते आहे आणि 1 डिसेंबरला शाळेत रुजू होणार आहे. शाळेचं रजेचं पत्रही जोडलंय. तिथे जाऊन राहण्याचा अर्ज केला तर ते खोटं ठरणार नाही का?

तर मला एवढं सांगा की भेटीच्या व्हिसावर असताना पत्नी म्हणून राहण्याचा परवाना तिथे खरंच मागता येतो का, अर्ज केला की 90 दिवसांनंतर थांबता येतं का, आणि नाही म्हणाले तर पुढे त्रास होतो का. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

विवेक_मनीषनगर

ताई, बिनधास्त जा. माझ्या भावाच्या बायकोला तिथेच मिळालं. ती पण फिरायच्या व्हिसावर गेली होती. अर्ज केला, दोन-तीनदा बोलावलं, कार्ड हातात. परत यायची गरजच नाही पडली. एकदा गेल्यावर नवरा-बायकोला कोणी वेगळं करत नाही, तेवढी माणुसकी त्या लोकांत आहे.

शर्वरी_धंतोली

मृण्मयी, मी तुझ्याच वाटेने जाऊन, 86 व्या दिवशी परत आलेली बाई आहे. आता तिथेच राहते, सध्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात आले आहे, म्हणून निवांत लिहू शकते. लांब होईल, पण पूर्ण वाच. तिकिटाच्या आधी वाच.

आमचं लग्न फेब्रुवारी 2023 मधलं. माझ्याही नवऱ्याकडे ब्लू कार्ड. मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. मे महिन्यात शेंगेनवर गेले आणि जाताना नोकरी सोडून गेले, कारण आम्हालाही असंच कोणीतरी सांगितलं होतं. बॅगेत कुरड्या, सांडगे, ठेचा, दोन पैठण्या आणि कुकर. भेटीला जाणारी बाई कुकर नेते का? मनातून मी राहायलाच निघाले होते.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने तिथल्या ऑफिसला माझा अर्ज पाठवला. अर्ज पोचल्याचा मेल आला आणि आम्ही समजलो की झालं काम. कोणी "नाही" म्हणालं नव्हतं ना! अर्ज पोचणं आणि अर्ज नियमात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला 61 व्या दिवशी कळलं, जेव्हा समोर बोलावलं.

टेबलापलीकडे पन्नाशीच्या बाई होत्या. अजिबात उर्मट नव्हत्या. आमच्या विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स समोर ठेवली, शेजारी माझा पासपोर्ट उघडला. पेन्सिल घेतली आणि झेरॉक्सवरच्या लग्नाच्या तारखेखाली एक रेघ ओढली. मग पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स काढून आणली, त्यातल्या फ्रँकफर्टच्या शिक्क्याच्या तारखेखाली दुसरी रेघ ओढली. दोन्ही कागद माझ्याकडे फिरवले. "ही आधी. ही नंतर." एवढंच म्हणाल्या. नवरा काहीतरी सांगायला लागला तर त्यांनी पेन्सिलीचं टोक पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवलं.

त्या दोन रेघांत सगळा नियम आहे. जर्मनीच्या निवास कायद्यातलं कलम 5 म्हणतं की ज्या कारणासाठी राहायचं, त्या कारणाचा व्हिसा घेऊनच देशात यायला हवं. कुटुंबासोबत राहायचं तर त्यासाठी वेगळा नॅशनल व्हिसा असतो, डी प्रकारचा, आणि तो आपल्याकडून म्हणजे भारतातून काढायचा. याला एक अपवाद आहे, निवास नियमावलीच्या कलम 39 मध्ये. वैध शेंगेन व्हिसावर असलेल्या माणसाला तिथे अर्ज करता येतो, पण त्याचा हक्क देशात आल्यानंतर निर्माण झाला असेल तर. पत्नीचा हक्क लग्नाने निर्माण होतो. माझं लग्न नागपुरात फेब्रुवारीत, देशात आले मे महिन्यात. म्हणजे हक्क आधीचा. तुझंही तेच. फेब्रुवारीत लग्न, ऑक्टोबरमध्ये प्रवेश. हे गणित तू माझ्यापेक्षा लवकर सोडवशील.

आता तुझा दुसरा प्रश्न, 90 दिवसांनंतर थांबता येतं का. नाही. इथेच लोक फसतात. ज्याच्याकडे तिथला राहण्याचा परवाना आहे आणि तो संपायच्या आत त्याने मुदतवाढीचा अर्ज केला, तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना चालू धरतात आणि तसं एक कागदी प्रमाणपत्र देतात. आपले लोक त्याला फिक्शन सर्टिफिकेट म्हणतात. पण कलम 81 मध्ये स्पष्ट लिहिलंय की शेंगेन व्हिसाला हे लागू नाही. तू तिसऱ्या दिवशी अर्ज केलास आणि निर्णय शंभराव्या दिवशी येणार असला तरी नव्वदाव्या दिवसानंतर तू तिथे बेकायदा. तो त्या देशात गुन्हा आहे. पुढच्या व्हिसात ते निघतंच.

अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा काही देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय जाऊन तिथे परवान्याचा अर्ज करायची मुभा आहे. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधल्याने कदाचित एखाद्या अमेरिकन बाईचं पाहिलं असेल. भारतीय पासपोर्टला ती मुभा नाही.

आणि पत्राचं म्हणशील तर तुझ्या मनाला जे लागतंय ते बरोबर लागतंय. शेंगेनच्या अर्जात आपण भेटीला जातो आणि परत येतो असं सांगतो. मनात कायमचं राहायचं असताना तसं लिहून व्हिसा घेतला, तर ती अधिकाऱ्यांना दिलेली खोटी माहिती धरता येते आणि तिची शिक्षाही कायद्यात आहे. मला त्या बाईंनी विचारलं होतं, "नोकरी कधी सोडली?" मी खरं सांगितलं, येण्याच्या आधी. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं. ते लिहून घेणं मला अजून आठवतं. पेन्सिल ठेवली आणि पेन उचललं.

त्यांनी एक मदत मात्र केली, आणि हे तू नवऱ्याला आजच सांग. त्या म्हणाल्या, भारतात जाऊन अर्ज करा, मी माझ्या बाजूने आधीच संमती देऊन ठेवते. जर्मनमध्ये त्याला फोराबत्सुश्टिमुंग म्हणतात. म्हणजे असं की डी व्हिसाच्या अर्जात कॉन्सुलेट नवऱ्याच्या गावच्या ऑफिसला विचारू शकतं, तिथेच आठवडे जातात. ही संमती आधीच हातात असली की ती वाट पाहणं वाचतं. नवऱ्याने भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, ब्लू कार्ड आणि विवाह प्रमाणपत्र दिलं, पत्र मेलवर आलं. हे देणं त्यांच्या मर्जीवर असतं, हक्काने मागता येत नाही. पण नवऱ्याने नम्रपणे विचारावं. विचारायला काही लागत नाही.

86 व्या दिवशी मी नागपूरच्या विमानतळावर उतरले. आईबाबा घ्यायला आले होते. कुकर तिथेच ठेवला होता, तेवढंच माझं तिथे उरलं होतं. पुढचे दोन महिने फार कठीण गेले, ते व्हिसामुळे नाही. गल्लीत, लग्नकार्यात, दूधवाल्यापासून मामेसासूपर्यंत प्रत्येकाचा एकच प्रश्न, "परत कशी काय आली?" काही जणांनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना दोघांत? नोकरी गेलेली, हॉस्पिटलात माझ्या जागी दुसरी मुलगी घेतलेली. आई रात्री देवघरात बसून राहायची. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत. राजीनामा देऊ नकोस, एवढ्यासाठी सांगते.

मग दुरांतोने मुंबई, व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे, 75 युरो फी, कागद दिले, संमतीपत्र वर लावलं. साडेपाच आठवड्यांनी पासपोर्ट आला. त्या व्हिसावरच नोकरी करायची परवानगी छापलेली होती. गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत घराच्या पत्त्याची नोंदणी केली, मग त्याच ऑफिसात, त्याच बाईंसमोर बसले. या वेळी त्यांनी पेन्सिल काढली नाही.

सरळ वाटेने गेले असते तर लग्नानंतर तीन-चार महिन्यांत माझं सगळं झालं असतं. आडवाटेने ऑक्टोबर उजाडला.

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर

ताई, दोनदा वाचलं. एकदा मी आणि एकदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दूधवाल्याच्या वाक्यावर त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "शाळा नको सोडू बाई."

आता दोन शंका. मी भेटीलाच जाते आणि नोव्हेंबरअखेर परत येते असं धरलं, तर ते सहा महिन्यांत नव्वद दिवसांचं गणित मला डी व्हिसासाठी आडवं येतं का? म्हणजे परत जायला 180 दिवस थांबावं लागेल का? आणि डी चा अर्ज आत्ताच केला तर शेंगेनवर जाता येईल का, की दोन्ही एकदम चालत नाहीत?

शर्वरी_धंतोली

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही. कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस ही मोजणी फक्त अल्पमुदतीच्या राहण्याची. डी व्हिसावर किंवा परवान्यावर तिथे काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. तू 30 नोव्हेंबरला परत आलीस आणि डी व्हिसा 20 डिसेंबरला मिळाला, तर 21 ला निघ. कोणी अडवणार नाही.

दुसऱ्याचं असं. 1 जानेवारी 2025 पासून जर्मनीने डी व्हिसाचे बरेचसे अर्ज ऑनलाइन पोर्टलवर घ्यायला सुरुवात केली आहे, कुटुंबाचा त्यात आहे. माझ्या वेळी हे नव्हतं. कागद घरबसल्या चढवायचे, ते तपासतात, काही कमी असेल तर तिथेच सांगतात, आणि मग ठसे आणि मूळ कागदांसाठी समोर बोलावतात. तर जायच्या आधी फॉर्म भरून कागद चढवून ठेव. समोर जायची आणि पासपोर्ट द्यायची वेळ आली की तू भारतात हवीस, एवढं सांभाळ. अर्जात शेंगेनची भेट लपवू नकोस. नवऱ्याला भेटून ठरल्या दिवशी परत आलेली बाई, ही तुझ्या बाजूची गोष्ट आहे.

आणि दिवाळीला नक्की जा. भेटीचा व्हिसा भेटीसाठीच असतो ना, मग मनभर भेट. मी ते 86 दिवस अर्जाच्या काळजीत घालवले, तळ्याकाठी फिरायला गेलो तरी नवरा मेल तपासायचा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अनिरुद्ध_हिंगणारोड

मधेच विचारतो, माफ करा. शर्वरीताई, लग्नाची तारीख नंतरची असेल तर चालतं असं तुम्ही लिहिलंय. माझी होणारी बायको शेंगेनवर येणार आहे, मी जर्मनीत आहे. आम्ही डेन्मार्कला जाऊन लग्न करून यायचं ठरवून राहिलो, तिथे कागद कमी लागतात म्हणतात. मग तारीख तर नंतरचीच झाली ना?

शर्वरी_धंतोली

भाऊ, हाच डाव खूप जणांनी खेळून पाहिलाय आणि तो तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी 2011 चा निकाल आहे. कोर्टाने म्हटलं, प्रवेश म्हणजे जर्मनीतला शेवटचा प्रवेश. तुम्ही डेन्मार्कात लग्न करून गाडीने परत जर्मनीत आलात, तो नवा प्रवेश. म्हणजे लग्न पुन्हा आधीचं झालं आणि प्रवेश नंतरचा. सीमेवर शिक्का मारत नाहीत म्हणून प्रवेश झाला नाही असं होत नाही.

जर्मनीतच नोंदणी लग्न केलं तर तारीख खरोखर नंतरची पडते, पण त्यासाठी तिथलं विवाह नोंदणी कार्यालय जे कागद मागतं ते जमवण्यातच नव्वद दिवस निघून जातात, असं मी दोन ओळखीच्या जोडप्यांचं पाहिलंय. शिवाय त्या मुलीने व्हिसाच्या अर्जात काय कारण लिहिलं हा प्रश्न राहतोच. माझं ऐकाल तर नागपुरात लग्न करा, आईवडिलांना अक्षता टाकू द्या, आणि दुसऱ्या दिवशी डी चा फॉर्म भरा.

वर्धारोडचे_काका

मृण्मयी बेटा, मी माझ्या मुलीचं सगळं केलं, म्हणून कागदांचं सांगतो. ते कोणी सांगत नाही.

तुझा पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि आधार तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाच. आपल्याकडे मधल्या नावाची भानगड आहे. लग्नाआधीच्या पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव. मनपाच्या झोन ऑफिसात विवाह नोंदणीचा फॉर्म भरताना आपण हौसेने नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लिहून मोकळे होतो. तिकडच्या साहेबाला ही एकच मुलगी आहे हे कसं कळावं? त्याला वाटतं दोन बाया आहेत.

आमच्या घरी तर चूक माझ्याच हाताने झाली. नोंदणीचा फॉर्म मी भरला, जावयाच्या आडनावात इंग्रजी 'ए' एक जास्त पडला. चष्मा बदलायचा राहिला होता. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा कोणी पाहिलं नाही, पेढे वाटले. चार महिन्यांनी, मुलगी कागद जमवून राहिली होती तेव्हा तो 'ए' दिसला. मग शपथपत्र, पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. नोंदणीला नवरा-बायको दोघं हजर असावे लागतात, साक्षीदार तीन लागतात, भटजींची सही लागते. जावई तिकडे निघून गेलेला. दुरुस्ती झाली, पण त्या एका अक्षराने मुलीचा सव्वा महिना खाल्ला आणि मला अजून त्याची रुखरुख आहे.

तुझं नाव पासपोर्टवर माहेरचं असेल तर ते तसंच राहू दे, घाईघाईत पासपोर्ट बदलायला जाऊ नको. माहेरच्या नावाने व्हिसा मिळतो. प्रमाणपत्रावर मात्र लग्नाआधीचं नाव पासपोर्टसारखंच असायला हवं.

दुसरं, तुला जर्मनची ए-वन परीक्षा, म्हणजे भाषेची अगदी पहिल्या पातळीची परीक्षा, लागणार नाही. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला त्यातून सूट आहे. माझ्या मुलीला लागली, कारण जावयाकडे जर्मन पासपोर्ट. ऐकायला उलटं वाटतं, तिथल्या नागरिकाची बायको म्हणून तिला परीक्षा आणि तुला नाही, पण नियम तसा आहे. तिने पुण्याला जाऊन दिली. तरी तू भाषा शिकून घे. गणिताची बाई आहेस, आकडे आधी शिक. त्यांचा एकवीस म्हणजे आपल्यासारखाच एक आणि वीस असतो, इंग्रजीवाल्यांना अवघड जातं, आपल्याला नाही.

विवेक_मनीषनगर

मी वर जे लिहिलं त्याबद्दल भावाला रात्री फोन लावला. आधी विचारून मग लिहायला हवं होतं, चुकलंच माझं. झालं असं होतं की वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि बीपीचा त्रास होता. डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून लेखी दिलं होतं. त्या कागदावर तिथल्या ऑफिसने सूट दिली. भाऊ म्हणाला, वकील लावला होता आणि तरी ऑफिसवाल्यांनी आधी नाहीच म्हटलं होतं. मला फक्त कार्ड मिळाल्याचं माहीत होतं. मृण्मयीताई, माझ्या बोलण्यावर जाऊ नका.

शर्वरी_धंतोली

विवेकभाऊ, विचारून परत येऊन लिहिलंत, फार बरं केलंत. त्या कलम 5 मध्येच ही सोय आहे. विशिष्ट परिस्थितीत व्हिसासाठी मायदेशी परत जायला लावणं अन्यायाचं होत असेल तर ऑफिस ती अट सोडू शकतं. बाळंतपण, आजारपण, तान्हं मूल अशा गोष्टी त्यात बघतात. पण नुसतं तिकिटाला पैसे लागतात, काही आठवडे वेगळं राहावं लागतं, हे कारण धरत नाहीत. ते तर प्रत्येकालाच आहे. आम्ही तेच कारण सांगून पाहिलं होतं.

नेदरलँड्सहून_रामदासपेठ

शेजारच्या देशाचं थोडं सांगतो, कोणाला उपयोगी पडलं तर. इकडे नवराच इथून बायकोचा अर्ज करतो, एमव्हीव्ही (म्हणजे राहायला येण्यासाठीचा प्रवेश व्हिसा) आणि परवाना दोन्हींचा एकत्र. निर्णय लागेपर्यंत माझी बायको शेंगेनवर एक महिना येऊन गेली, त्याला कोणाची हरकत नव्हती. पण मंजुरी आल्यावर एमव्हीव्हीचा स्टिकर घ्यायला तिला भारतातच असावं लागलं. देश वेगळा, मुद्दा तोच.

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर

काका, तिन्ही कागद टेबलावर मांडले. पासपोर्टवर माझ्या नावात 'एम-आर-यू-एन', प्रमाणपत्रावर 'एम-आर-आय-एन'. मीच फॉर्म भरला होता, मेंदीचे हात होते, घाई होती. नवरा दिवाळीनंतर माझ्यासोबतच दहा दिवसांसाठी यायला तयार झालाय, तेव्हा दुरुस्तीला दोघं जाऊन येऊ. बरं झालं आत्ताच दिसलं.

शर्वरीताई, नवऱ्याने काल तिथल्या ऑफिसला संमतीसाठी मेल टाकला. उत्तर यायचं आहे. पोर्टलवर माझं खातं उघडलं, प्रमाणपत्र सोडून बाकी कागद तयार करून ठेवते, दुरुस्त प्रत हातात आली की अर्ज पाठवते. परतीचं तिकीट 29 नोव्हेंबरचं पक्कं आहे, ते आता हलवणार नाही.

आज शाळेत मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की 1 डिसेंबरला येते, नववी ब माझ्याकडेच ठेवा, आणि डी व्हिसा मिळाला की त्या दिवशीच तुम्हाला सांगेन, एक दिवसही लपवणार नाही. त्यांनी वेळापत्रकावर माझ्या नावापुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते माझ्यासमोर खोडरबरने पुसलं.